तोट्यातला शेअर विकण्याआधी

मार्च आला की लाल रंगात दिसणारे शेअर विकून कर वाचवायची घाई होते. आधी एवढं बघा: वर्षाच्या आत विकलेल्या शेअरचा तोटा अल्पकालीन, तो अल्पकालीन आणि दीर्घकालीन अशा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून (म्हणजे शेअरसारखी मालमत्ता विकून झालेल्या नफ्यातून) वजा होतो. दीर्घकालीन तोटा मात्र फक्त दीर्घकालीन नफ्यातून. पगारातून किंवा एफडीच्या व्याजातून यातलं काहीच वजा होत नाही.

शेअरवरचा दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या आत असेल तर त्यावर तसाही कर नाही. मग त्याच्यासमोर तोटा कशाला खर्ची घालायचा? उरलेला तोटा पुढची 8 वर्षे ओढता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. इथेच बहुतेक जण फसतात.