‘परवानगी नाही’ म्हणणारा लॅपटॉप: सोलापुरात डेस्कटॉप सपोर्टला नव्याने लागणाऱ्यांसाठी

तारीख २०, म्हणजे दरमहा जीएसटी भरणाऱ्यांची ३बी विवरणपत्राची शेवटची तारीख. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यातून अकाउंटंटचा फोन येतो: “डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर चढेना, परवानगी नाही म्हणतंय.” सर्व्हरच्या चाव्या पुण्याच्या हेड ऑफिसकडे. अशा वेळी ‘तात्पुरतं ॲडमिन करून टाकू’ हा मोह होतोच. करू नका. तात्पुरते दिलेले हक्क काढायची आठवण कुणालाच राहत नाही.

आधी स्क्रीनचा फोटो मागवा, कारण अडवणारा दरवेळी वेगळा असतो. विंडोज नुसतं येस-नो विचारत असेल तर खातं ॲडमिनचंच आहे. नाव-पासवर्ड मागत असेल तर खातं साधं आहे, ॲडमिनचं नाही. एमएसआय फाइलचा (विंडोजच्या इन्स्टॉलर फाइलचा) एरर १९२५ असेल तर हक्क कमी पडतायत. १६२५ म्हणजे पॉलिसीने, कंपनीने मशीनवर लावलेल्या नियमाने, अडवलंय. तिथे पासवर्डशी झटापट करण्यात अर्थ नाही, पॉलिसी सांभाळणाऱ्याकडेच तिकीट टाका. १६१८ चा परवानगीशी संबंधच नाही, मागे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, ते संपू द्या. १६०३ मात्र कशालाही येतो. एमएसआयची पूर्ण लॉग फाइल काढा आणि तिच्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा. खरं कारण बहुधा त्याच्या थोडं वरच्या ओळींत असतं.

पासवर्ड बरोबर असूनही घेत नाही? लोकल ॲडमिनचं (त्याच लॅपटॉपवरच्या ॲडमिन खात्याचं) नाव लिहिताना आधी डॉट आणि उलटी तिरकी रेघ द्या, नाहीतर लॅपटॉप ते खातं डोमेनमध्ये, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरच्या खात्यांत, शोधत बसतो. कंपनीत लॅप्स (लोकल ॲडमिनचे पासवर्ड आपोआप बदलणारी मायक्रोसॉफ्टची सोय) असेल तर प्रत्येक मशीनचा पासवर्ड वेगळा आणि तो ठरावीक काळाने, मूळ सेटिंगमध्ये ३० दिवसांनी, बदलतो. डायरीत लिहून ठेवलेला पासवर्ड चालत नाही तो यामुळेच.

हेड ऑफिसने हक्क देणाऱ्या डोमेनच्या ग्रुपमध्ये नाव घातलं, तरी फरक पडत नाही, ही तक्रारही नेहमीची. ग्रुपची यादी लॉगिनच्या क्षणी बनते, म्हणून साइन आउट करून पुन्हा आत यावं लागतं आणि त्या वेळी लॅपटॉपला डोमेन दिसायला हवं. व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सोय) लॉगिननंतर सुरू होत असेल तर लॉगिन जुन्या साठवलेल्या माहितीवर होतं. एक दिवस ऑफिसची केबल लावून लॉगिन करायला सांगा, प्रश्न मिटतो.

नवशिक्याचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो झेड ड्राइव्हमध्ये. सेटअप शेअर केलेल्या झेडवर ठेवलेला असतो, समोर दिसतही असतो. ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून तो चालवायला जावं, तर ‘पाथ सापडत नाही’. फाइल कुठे गेलेली नसते. नेटवर्क ड्राइव्हची जोडणी लॉगिन सेशनपुरती असते आणि ॲडमिन खिडकीचं सेशन वेगळं, तिला झेड माहीतच नाही. सेटअप आधी सी ड्राइव्हच्या एखाद्या फोल्डरमध्ये कॉपी करा, मग चालवा. शेअरचा पूर्ण पत्ता देऊनही जमतं, पण त्या ॲडमिन खात्याला शेअरवर प्रवेश असेल तरच. लोकल ॲडमिनला तो सहसा नसतो.

याचंच भावंड: इन्स्टॉल ‘यशस्वी’, पण अकाउंटंटला प्रोग्राम दिसत नाही. सेटअप ‘फक्त या वापरकर्त्यासाठी’ प्रकारचा होता आणि पासवर्ड तुमच्या खात्याचा दिला, म्हणून तो तुमच्या प्रोफाइलमध्ये जाऊन बसला. ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’चा सेटअप घ्या.

रिमोटवरून मदत करताना पासवर्डची खिडकी आली की तुमच्याकडची स्क्रीन काळी पडू शकते. लाइन गेली असं समजू नका; विंडोज ती खिडकी सुरक्षित डेस्कटॉपवर उघडतं आणि साध्या हक्कांनी चालणाऱ्या रिमोट टूलला ती दिसत नाही. टूल आधीच ॲडमिन हक्कांनी चालू करा. पासवर्ड फोनवर सांगायचा नाही. सांगावाच लागला तर काम होताच बदलून घ्या.

काही मागण्यांना ॲडमिन लागतच नाही. मराठी फॉन्ट विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून वापरकर्ता स्वतःपुरता टाकू शकतो. प्रिंटरचं उलटं झालंय: ऑगस्ट २०२१ च्या अपडेटनंतर सर्व्हरवरून नवा ड्रायव्हर घ्यायला मूळ सेटिंगमध्ये ॲडमिन लागतो. त्यामुळे कालपर्यंत आपोआप जोडला जाणारा प्रिंटर नव्या लॅपटॉपवर अडला, तर अकाउंटंटला दोष देऊ नका.