आहे त्या मैदानात विश्वचषक बसवताना

"दादा, सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, बिल्डरकडे दोन वर्षं साइट सांभाळली. आता स्टेडियमच्या कामात यायचंय, कुठून सुरुवात करू?" महिन्यातून एखादा तरी असा फोन येतो. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगणं जमत नाही, म्हणून जे मला सुरुवातीला कुणी सांगायला हवं होतं ते इथे लिहितोय.

पहिली गोष्ट. स्टेडियमचं काम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोकळ्या जागेवर उभं राहणारं नवं कोरं स्टेडियम येतं. तसं काम आयुष्यात एखाद-दुसऱ्यांदाच वाट्याला येतं. कायम चालणारं काम वेगळंच आहे: गावात आधीपासून उभं असलेलं मैदान एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेपुरतं तयार करायचं आणि स्पर्धा संपली की मालकाला होतं तसं परत द्यायचं.

मी सोलापूरहून डिप्लोमा करून पनवेलला आलो आणि टॉवरच्या साइटवर सुपरवायझर होतो. २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला, तेव्हा तात्पुरत्या उभारणीचं काम घेतलेल्या एका उपकंत्राटदाराला टेप आणि जमिनीची पातळी मोजणारं लेव्हल मशीन हाताळणारा माणूस हवा होता. तो मी. स्पर्धा सहा शहरांत होती: दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, मडगाव आणि नवी मुंबई. या सहांतलं एकही स्टेडियम त्या स्पर्धेसाठी नव्याने बांधलेलं नव्हतं. दिल्लीचं १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळचं, कोलकात्याचं सॉल्ट लेक १९८४ चं, मडगावचं फातोर्डा १९८९ चं. आमचं नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम त्यांत सगळ्यांत तरुण, २००८ चं, आणि तेही मुळात क्रिकेटचं.

त्या वेळी मी फक्त नेरूळ पाहिलं. बाकीच्या शहरांत काय झालं ते नंतर समजून घेतलं. तुम्हीही घ्या, कारण या धंद्यातले सगळे मोठे प्रश्न त्या एका स्पर्धेत दिसतात. सॉल्ट लेकला एके काळी लाखाहून जास्त माणसं बसायची. तिथे कृत्रिम गवत काढून नैसर्गिक हिरवळ आणली, बाकांच्या जागी एकेकट्या खुर्च्या बसवल्या आणि आसनं साधारण ६६ हजारांवर आली. कोचीत तर स्पर्धेच्या तोंडावर मर्यादा २९ हजारांवर आणली, कारण संकटाच्या वेळी माणसं किती मिनिटांत बाहेर पडतील, हे गणित त्याहून जास्त आकड्याला बसत नव्हतं. हे नीट लक्षात घ्या. खुर्च्या किती आहेत यावरून क्षमता ठरत नाही, जिने आणि दरवाजे किती रुंद आहेत यावरून ठरते. जगभर वापरल्या जाणाऱ्या ब्रिटिश मार्गदर्शिकेत प्रेक्षक बाहेर पडायला जास्तीत जास्त आठ मिनिटं धरतात. जुन्या स्टेडियमवर गेलात की आधी स्टँडमध्ये वर जा, शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर बसा आणि तिथून मोकळ्या हवेत येईपर्यंतची वाट स्वतः चाला. कुठे जिना अरुंद होतो, कुठे कुणी स्टॉलचं सामान रचून ठेवलंय, कुठलं शटर कायम बंद असतं, हे चालल्याशिवाय कळत नाही.

आणि गुवाहाटी. पाऊस झाला, उपांत्यपूर्व सामना चिखलात खेळला गेला आणि ब्राझील-इंग्लंड उपांत्य सामना तिथून उचलून कोलकात्याला न्यावा लागला. बाकी सगळी व्यवस्था उत्तम असली तरी जमिनीने साथ सोडली की सामना जातो.

म्हणून जमिनीबद्दल थोडं सविस्तर सांगतो. फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८ मीटर. क्रिकेटच्या स्टेडियमवर ते आखलं की मधल्या खेळपट्ट्यांचा पट्टा बरोबर मैदानाच्या पोटात येतो. तिथली माती चिकण, वर्षानुवर्षं रोलर फिरवून दगडासारखी केलेली. भोवतीचं आउटफिल्ड मात्र वाळूच्या थरावरचं, पाणी झपझप खाली सोडणारं. वरून दोन्हीकडे सारखंच हिरवं दिसतं. मला तो फरक एका माळीकाकांनी दाखवला. त्यांच्याकडे सायकलच्या चाकाची एक जुनी तार होती, टोक घासून धारदार केलेली. त्यांनी तार आउटफिल्डमध्ये दाबली, ती बोटभर सहज गेली. चार पावलं पुढे जाऊन परत दाबली, ती तिथेच वाकली. "साहेब, पोरगं धावत आलं आणि त्याचा बूट या रेषेवर पडला, तर घोट्याचं काय होईल?" एवढंच विचारलं त्यांनी. मी तेवीस वर्षांचा, ते साठीचे, तरी मला साहेब म्हणायचे. त्या दिवसानंतर कुठल्याही मैदानावर गेलो की मी पहिल्यांदा माळ्याला शोधतो, व्यवस्थापकाला नंतर भेटतो.

असा पट्टा फुटबॉलसाठी तयार करायचा म्हणजे साधारणपणे वरची चिकण माती काढायची, वाळूमिश्रित थर भरायचा आणि दुसरीकडे वाढवलेल्या हिरवळीचे गालिचे आणून अंथरायचे. गालिचा एका दिवसात अंथरता येतो, पण मुळं धरायला आठवडे लागतात, आणि ते आठवडे पैसे ओतून विकत मिळत नाहीत. आपल्याकडे स्पर्धा बऱ्याचदा ऑक्टोबरमध्ये असतात, म्हणजे तयारीचे महिने जून ते सप्टेंबर. मुंबईच्या त्या पावसात ऊन नाही, गवताला बुरशी धरते, यंत्र आत घालावं तर चाकोऱ्या पडतात. मग प्लायच्या नाहीतर लोखंडी पत्र्यांची वाट करून त्यावरूनच सामान न्यायचं आणि संध्याकाळी पत्रे उचलायचे, नाहीतर खालचं गवत पिवळं पडतं. हे पत्रे रोज उचलायला लावणं हे नव्या सुपरवायझरचं काम असतं. मजूर दमलेले असतात, त्यांना ते नकोसं होतं, आणि तुम्हाला तिथे उभं राहून त्यांच्याबरोबर दोन पत्रे उचलावेच लागतात.

२०२२ हे वर्ष मला कायम लक्षात राहील. ६ फेब्रुवारीला नेरूळला आशियाई महिला फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला, चीनने दोन गोलांची पिछाडी भरून दक्षिण कोरियाला ३-२ असं हरवलं. २७ मार्चला त्याच मैदानावर आयपीएल सुरू. मध्ये फक्त ४९ दिवस. मेपर्यंत तिथे २० सामने झाले. मग पावसाळा, आणि ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक, ज्याचा अंतिम सामना ३० ऑक्टोबरला स्पेनने कोलंबियाविरुद्ध १-० असा जिंकला. त्यानंतर ४० दिवसांनी, ९ डिसेंबरला, भारत-ऑस्ट्रेलिया महिला टी-ट्वेंटी. एकाच वर्षात मैदान क्रिकेटचं, फुटबॉलचं आणि पुन्हा क्रिकेटचं झालं. त्यातच ऑगस्टच्या मध्यात फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं आणि २६ तारखेला निलंबन उठेपर्यंत स्पर्धा होणार की नाही हेच ठरेना. कंत्राटदारांनी माणसं परत बोलावली. गवत मात्र वाढतच होतं, ते कापायला माणूस हवाच होता.

त्या वर्षी मी मुख्यतः आतल्या खोल्यांवर होतो. हे काम टीव्हीवर दिसत नाही, म्हणून नवखे तिकडे वळत नाहीत. मला विचाराल तर शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. उत्तेजक चाचणीची खोली घ्या. बाहेर थांबायची जागा, आत टेबल, कुलपाचा फ्रीज, एवढं सगळ्यांना सुचतं. पण नमुना देताना अधिकारी खेळाडूसोबत आत उभा राहून पाहत असतो, तो नियमच आहे. म्हणजे स्वच्छतागृहात दोन माणसं नीट उभी राहतील एवढी जागा हवी, आणि आपल्या जुन्या स्टेडियमांतलं स्वच्छतागृह एका माणसालाही जेमतेम पुरतं. मग मधली भिंत पाडायची का, ती भिंत भार घेते का, नळाची लाइन कुठून जाते, असे प्रश्न सुरू होतात. किंवा ड्रेसिंग रूम. जुन्या बहुतेक खोल्या पुरुष खेळाडू डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या. मुलींची स्पर्धा आली की भिंतीवरच्या मुताऱ्या झाकायच्या, दारं असलेले संडास वाढवायचे, शॉवरना आडोसा करायचा, कचऱ्याच्या झाकणाच्या पेट्या ठेवायच्या. सोळा वर्षांची मुलगी आपल्या देशाकडून खेळायला हजारो मैल येते. तिच्या खोलीत प्लायने घाईघाईत झाकलेली मुतारी दिसता कामा नये. तिथलं फिनिशिंग मी स्वतः हात फिरवून तपासायचो. हे काम मला मनापासून महत्त्वाचं वाटतं.

आता एक चूक, माझीच. एका दुसऱ्या शहरातल्या जुन्या स्टेडियमवर, नाव सांगत नाही, प्रक्षेपणाच्या गाड्या उभ्या करायचा नकाशा मी केला. प्रवेशाच्या कमानीची उंची मूळ नकाशात ४.२ मीटर होती, तीच मी धरली. गाडी ४ मीटरची, म्हणजे आरामात जाईल. गाडी आली आणि कमानीखाली अडली. रस्त्यावर वर्षानुवर्षं डांबराचे थर चढत गेले होते आणि खालची मोकळी उंची ३.९ मीटरच उरली होती. रात्री अकराला मागची कंपाउंडची भिंत पाडून वाट करावी लागली, आणि ती भिंत पाडायची परवानगी कुणी द्यायची यात तीन तास गेले. तेव्हापासून माझा नियम: जुन्या नकाशावरचं कुठलंही माप मोजल्याशिवाय माझ्या नकाशात येत नाही. लेझर मीटर स्वतःच्या पैशाने घ्या आणि खिशात ठेवा.

परवानग्यांचं थोडक्यात: अग्निशमन दलाचा दाखला, पोलिसांची परवानगी, तात्पुरत्या वीजजोडणीसाठी विद्युत निरीक्षकाची तपासणी, आणि स्टँडसाठी किंवा मोठ्या मांडवासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र. कागद कोण आणणार हे वर्क ऑर्डरमध्ये लिहिलेलं नसेल तर शेवटच्या आठवड्यात ते तुमच्यावर येतं. आणि वर्क ऑर्डर लेखी असल्याशिवाय एकही दिवस जाऊ नका. माझे एका ठिकाणचे दोन महिन्यांचे पैसे फक्त तोंडी शब्दावर गेले. स्पर्धा संपली की आयोजन समिती विसर्जित होते, ऑफिस रिकामं होतं, आणि मग बिल घेऊन जायचं कुणाकडे?

कामात शिरायचं कसं? सिव्हिल, इलेक्ट्रिकल किंवा आर्किटेक्चर, यांपैकी काहीही चालतं. क्रीडा व्यवस्थापनाचा कोर्स केला असेल तर बोलाचालीला मदत होते, पण तो साइटची जागा घेत नाही. मोठ्या स्पर्धांना स्वयंसेवक लागतात, तिथून आत आलेले अनेक जण आज चांगल्या जागी आहेत. पुण्यात राहत असाल तर बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल डोळसपणे बघा. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभं राहिलं, २००८ ला राष्ट्रकुल युवा खेळ, २०१३ ला आशियाई अॅथलेटिक्स, नंतर टेनिस, २०२२ ला आशियाई महिला फुटबॉल. एकेका स्पर्धेने तिथे काय बदललं आणि काय तसंच राहिलं, हे वही घेऊन फिरलात तर दिसतं. बसून नोंदी करा, फोटो काढा, पुढच्या मुलाखतीला ती वही घेऊन जा. मी माणसं घेताना अशी वही बघतो.

आणि पहिल्या दिवशीच मैदानाचा जसा आहे तसा फोटोंसह अहवाल करून मालकाची सही घ्या. परत देताना भिंतीवरचा तो ओरखडा आपला की आधीचा, यावर भांडण होतं, आणि तुमच्याकडे फक्त तो कागद असतो.

२०२५ च्या महिला क्रिकेट विश्वचषकात बंगळुरूचे सामने काढून घेतले आणि २२ ऑगस्टला नवी मुंबईचं नाव जाहीर झालं. पहिला सामना २० ऑक्टोबरला. दोन महिने, तेही पावसाचे. त्या वेळी मी त्या कामावर नव्हतो, तिकीट काढून प्रेक्षक म्हणून गेलो होतो. २ नोव्हेंबरला अंतिम सामन्याआधी पाऊस आला, खेळ दोन तास उशिरा, पाचच्या सुमारास सुरू झाला. लोक आकाशाकडे बघत होते, मी आउटफिल्डकडे. कव्हरं ओढून नेली, पाणी झटकायला गवतावरून दोऱ्या फिरल्या, आणि थोड्या वेळाने एक माणूस कडेने चालत आला, वाकला, गवतात हाताने काहीतरी दाबून बघितलं आणि उठून अंगठा वर केला. इतक्या लांबून हातात काय होतं ते दिसलं नाही. मला मात्र ती सायकलची तारच वाटली.