तालुक्याच्या दवाखान्यात रुग्णांना वेळ देण्यापूर्वीची तयारी

विदर्भातील तालुक्याच्या गावी दवाखाना असेल आणि रुग्णांना आगाऊ वेळ देण्याची पद्धत सुरू करायची असेल, तर नंबरांची वही आखण्याआधी एस.टी.च्या गाड्यांचे वेळापत्रक मिळवून काउंटरवर लावावे. डॉक्टर दहा वाजता बसत असले तरी खेड्यावरच्या रुग्णाची वेळ त्याच्या गावाहून सुटणाऱ्या गाडीवरच ठरते, आणि परतीची शेवटची गाडी चुकली तर त्याला ऑटोला पदरचे पैसे मोजावे लागतात किंवा कोणा नातेवाइकाकडे मुक्काम करावा लागतो. एस.टी.मध्ये ७५ वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. त्यामुळे म्हातारी माणसे आणि बायाबापड्या खाजगी गाडी सोडून एस.टी.चीच वाट पाहतात, आणि दवाखान्यात सर्वाधिक येणारी माणसेही हीच असतात.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर ज्या ज्या गावांहून रुग्ण येतात त्यांची नावे लिहावीत आणि प्रत्येक गावापुढे सकाळची गाडी केव्हा पोहोचते व परतीची शेवटची गाडी केव्हा निघते हे टिपून ठेवावे. एका गाडीने उतरणाऱ्यांना एकाच तासाची वेळ द्यावी आणि त्या तासात जो आधी आला त्याला आधी घ्यावे. दहा-दहा मिनिटांचे कप्पे पाडलेले वेळापत्रक शहरात चालत असेल. इथे एक गाडी उशिरा आली की दुपारपर्यंतचे सगळे नंबर कोलमडतात आणि काउंटरवर वाद सुरू होतात. तालुक्याच्या गावातीलच जे रुग्ण आहेत त्यांना संध्याकाळची वेळ द्यावी, म्हणजे सकाळ बाहेरगावच्यांसाठी मोकळी राहते. बाजाराच्या दिवशी आगाऊ नंबर निम्मेच द्यावेत, कारण त्या दिवशी बाजाराला आलेला माणूस आठवडाभर अंगावर काढलेले दुखणे दाखवायला येतोच, आणि त्याला परत पाठवणे योग्य नाही.

नोंद करताना केवळ नाव व आडनाव लिहून भागत नाही. एकाच गावात एकाच नावाच्या दोन-तीन व्यक्ती सहज निघतात, म्हणून वडिलांचे किंवा पतीचे नाव, गाव, वय आणि जुन्या फाईलचा क्रमांक हे चारही रकाने भरावेत. रुग्णाकडे आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) असल्यास त्याचे चौदा अंक लिहून घ्यावेत. नसल्यास त्यापायी कोणाला ताटकळत ठेवू नये. मोबाईल क्रमांकापुढे तो कोणाचा आहे हे अवश्य लिहावे. पुष्कळ घरांत फोन मुलाजवळ असतो आणि मुलगा दिवसभर वावरात असतो, त्यामुळे आदल्या दिवशीचा आठवणीचा फोन संध्याकाळी सात वाजल्यानंतरच करावा.

हा फोन कसा करावा, हे काउंटरवर बसणाऱ्या व्यक्तीला समोर बसवून शिकवावे. ‘नमस्कार काकाजी, दवाखान्यातून बोलतो. उद्या सकाळच्या गाडीने या, तुमचा नंबर लावला आहे. जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत आणा,’ इतके बोलणे पुरे आहे. फोन दुसऱ्याने उचलला तर आजाराचा, तपासणीचा किंवा अहवालाचा शब्दही काढू नये; ‘भाऊ, उद्याचा नंबर आहे एवढे त्यांना सांगा,’ म्हणून थांबावे. क्षयरोग, गर्भारपण, मानसिक आजार यांची बातमी लहान गावात एका फोनवरून सगळीकडे पोहोचते आणि त्याची झळ त्या रुग्णाला, विशेषतः बाईमाणसाला, वर्षानुवर्षे सोसावी लागते. याच कारणासाठी रुग्णांच्या नावांची यादी आजारासह भिंतीवर लावू नये आणि काउंटरवरून मोठ्याने ‘कशासाठी आलात?’ असे विचारू नये.

तपासण्यांच्या सूचना वेळ देतानाच सांगाव्या लागतात. उपाशीपोटी साखर तपासायची असेल तर किमान आठ तास पोटात अन्न नको, साधे पाणी चालते, आणि साखरेची सकाळची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचे हे डॉक्टरांना विचारून त्याच फोनवर कळवावे. जेवणानंतरची तपासणी जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी होते, म्हणून अशा रुग्णाला दिवसातला पहिला नंबर द्यावा आणि भाकरीचा डबा सोबत आणायला सांगावे. पहाटे उठून निघालेली, चहाही न घेतलेली आजी साडेअकरापर्यंत बाकावर बसून राहिली तर तिला घेरी येण्याची भीती असते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीएवनसी तपासणीला मात्र उपाशी राहावे लागत नाही. दूरच्या गावाहून दुपारच्या गाडीने येणाऱ्यांसाठी ती सोयीची आहे, एवढे डॉक्टरांच्या कानावर घालावे. पित्ताशयाच्या सोनोग्राफीला उपाशी यावे लागते, तर ओटीपोटाच्या सोनोग्राफीला लघवी साठवून यावे लागते. या दोन सूचनांची अदलाबदल झाली की रुग्णाची एक मजुरी आणि एक फेरी वाया जाते. गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याप्रमाणे एफ फॉर्म भरावा लागतो, तेव्हा ओळखपत्र आणायला आठवणीने सांगावे.

शेतीच्या हंगामाची नोंद वहीतच करून ठेवावी. पश्चिम विदर्भात जूनमध्ये पेरणी, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची कापणी आणि त्यानंतर कित्येक आठवडे कापसाची वेचणी चालते, तर भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते. वेचणीच्या दिवसांत बायकांना भर दुपारची तारीख दिली तर त्या बहुधा येत नाहीत, कारण वेचलेल्या किलोवर मजुरी मिळते. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो, त्या काळात म्हाताऱ्यांना व गर्भवतींना दुपारी बोलावूच नये. पोळा, तान्हा पोळा आणि महालक्ष्म्यांच्या दिवशी पुढील तपासणीची तारीख टाकू नये.

फवारणीच्या काळासाठी वेगळी तयारी लागते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे या भागात कोणी विसरलेले नाही. फवारणी करून आलेल्या माणसाला मळमळ, घाम, तोंडाला लाळ किंवा धूसर दिसणे असा त्रास असेल, कोणाला साप चावला असेल, छातीत कळ येत असेल, गर्भवतीला रक्तस्राव होत असेल किंवा लेकराला झटके येत असतील, तर त्याला नंबर विचारायचा नाही, थेट आत घ्यायचे. ही लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवावीत. १०८ क्रमांकासह जवळच्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयाचे दूरध्वनी त्याखालीच असावेत. सकाळच्या दर तासात एक जागा अशा रुग्णांसाठी रिकामी ठेवावी. ‘जागा वाया जाते’ अशी तक्रार होईल, तरी ती भरू नये. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना शेवटचा रुग्ण गेल्यानंतरचीच वेळ द्यावी.

पिण्याचे पाणी, पंखा, बायकांसाठी स्वच्छ शौचालय हे असलेच पाहिजे. वीज केव्हाही जाते, म्हणून संगणकावर नोंद असली तरी दुसऱ्या दिवसाची यादी कागदावर उतरवून ठेवावी.

रक्तदाब, साखर, फिट येणे, क्षयरोग, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) अशा दीर्घ आजारांच्या रुग्णाला पुढची तारीख देताना गोळ्या कधी संपतात ते मोजावे आणि त्याआधी चार दिवसांची तारीख द्यावी, म्हणजे गाडी चुकली किंवा पाऊस लागला तरी औषधात खंड पडत नाही. जो आला नाही त्याच्या नावापुढे नुसती फुली न मारता फोन करून कारण लिहावे. एकाच गावचे रुग्ण वारंवार येत नसतील तर बहुतेक वेळा त्या गावची गाडी बदललेली किंवा बंद झालेली असते, आणि मग पहिल्या पानावरची नोंद दुरुस्त करावी लागते.

डॉक्टर बाहेरगावी जाणार असतील तर त्या दिवसाच्या प्रत्येक रुग्णाला आदल्या संध्याकाळीच कळवावे आणि ज्यांचा फोन लागत नाही त्यांच्यासाठी गावच्या आशाताईंकडे आजाराचा उल्लेख न करता निरोप द्यावा. तरीही कोणी आलेच, तर त्याचा रक्तदाब मोजून, संपत आलेल्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना फोनवर विचारून आणि पुढच्या तारखेला पहिला नंबर देऊनच त्याला परतीच्या गाडीकडे जाऊ द्यावे.