माळ्यावरच्या रॉक कॅसेट: आधी पाहा, मग वाजवा

ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की माळे रिकामे होतात आणि चपलांच्या खोक्यांतून कॅसेट बाहेर पडतात. वाशी-नेरूळच्या सिडको वसाहतींतही तेच. त्यांत पिंक फ्लॉइड, क्वीन, लेड झेपलिन, ईगल्स निघाले की घरातलं कुणीतरी लगेच जुना टू-इन-वन शोधून आणतं आणि प्ले दाबतं. तीस-पस्तीस पावसाळे काढलेली कॅसेट बऱ्याचदा त्या पाच मिनिटांत संपते.

टेपरेकॉर्डरमध्ये फीत पुढे ओढतात ते कॅपस्टन, म्हणजे फिरणारी बारीक पोलादी काडी, आणि तिच्यावर दाबला जाणारा रबरी पिंच रोलर. पुढे आलेली फीत गुंडाळून घ्यायचं काम उजव्या चक्रीचं. चक्री फिरवणारा रबरी बेल्ट सैल पडला असेल किंवा कॅसेटच्या आत चक्री जड फिरत असेल, तर फीत पुढे येत राहते पण गुंडाळली जात नाही आणि रोलरभोवती वळसे घेत बसते. ‘टेपने कॅसेट खाल्ली’ म्हणतात ते हेच. दोष कधी यंत्रात असतो, कधी कॅसेटमध्ये. म्हणून दोन्ही तपासल्याशिवाय प्ले दाबू नये.

घेताना

घरचा साठा संपला की रद्दीवाल्याला सांगून ठेवा. चोरबाजारात जायचं तर ठाण्याहून स्लो लोकल आणि नवी मुंबईहून हार्बर, दोन्ही सॅन्डहर्स्ट रोडला थांबतात. तिथून चालत जाता येतं. भाव ठरलेला नसतो, पाच-सहा एकदम घेतल्या तर उतरतो.

छाप पाहायला शिका. भारतात इएमआयचं संगीत एचएमव्हीच्या नावाने यायचं, म्हणून पिंक फ्लॉइड आणि क्वीन तिथे सापडतात. लेड झेपलिन आणि ईगल्स हे वॉर्नर समूहाचे, ते मॅग्नासाउंडवर. अस्सल कॅसेटचा क्रमांक कव्हरवर आणि कॅसेटवर एकच असतो आणि बारीक अक्षरं स्वच्छ वाचता येतात. नकली मालात कव्हरचा फोटो पुसट असतो, गाण्यांची नावं चुकलेली असतात आणि शेवटचं गाणं मध्येच तुटतं.

दुकानात भरून घेतलेल्या कॅसेटही टाकून देऊ नका. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, त्यामुळे एका बाजूला एक अल्बम बसायचा. ‘डार्क साइड ऑफ द मून’ सुमारे ४३ मिनिटांचा, तो अख्खा मावतो. बीटल्सचा ‘अॅबी रोड’ ४७ मिनिटांचा, त्याचा शेवट बहुतेक वेळा कापलेला मिळतो. दोष भरणाऱ्याचा नव्हे, फीतच तेवढी.

विकत घेण्याआधी तीन गोष्टी पाहा. मागच्या कडेला दोन चौकोनी खाचा असतात. कंपनीच्या कॅसेटमध्ये त्या उघड्या असतात. त्यांवर चिकटपट्टी लावलेली दिसली तर कुणीतरी वर दुसरं काही भरलेलं आहे. मग खिडकीतून फितीची गुंडाळी पाहा: कडा सपाट हवी, पायऱ्या पडलेल्या नकोत. तिसरी गोष्ट, कडेवर पांढरे ठिपके किंवा पिठासारखा थर. ती बुरशी. अशी कॅसेट दुर्मीळ असेल तरच घ्या, आणि घरच्या इतर कॅसेटपासून लांब ठेवा.

पेन्सिलीचं काम

सहाकोनी पेन्सिल चक्रीच्या दातांत बसते. अ बाजू वर ठेवून उजवी चक्री हळू फिरवा. फीत सैल असेल ती घट्ट होईल आणि आतला अडथळा बोटांना कळेल. मऊ, सारखी फिरली तर ठीक. मध्येच अडली तर जोर करू नका. कॅसेट तळहातावर सपाट दोन-तीनदा हलकी आपटा, गुंडाळीच्या वर आलेल्या कडा खाली बसतात. तरीही अडत असेल तर कवच उघडावं लागेल.

बुरशी असेल तर ओली पुसू नका, ती पसरते. कॅसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर चार-पाच दिवस ठेवा. ओल गेली की बुरशी भुकटीसारखी सुटी होते. मग तोंडाला एन-९५ मास्क लावून, गॅलरीत बसून, कवच उघडून मऊ कोरड्या ब्रशने गुंडाळीच्या दोन्ही सपाट बाजू झाडा. फीत नव्या, स्वच्छ कवचात घाला आणि जुनं कवच टाकून द्या. उन्हात ठेवणं, हेअर ड्रायर मारणं या दोन्हींनी कवच वाकतं, म्हणून ते नको.

कवच उघडणं आणि पॅड बदलणं

आवाज घोगरा, दबलेला, एका कानात येतो-जातो, असं असेल तर आधी पॅड पाहा. कॅसेटच्या तोंडाशी, मधोमध, पातळ धातूच्या पट्टीवर बोटाच्या नखाहून लहान फेल्टचा तुकडा असतो. तो फितीला हेडवर, म्हणजे फितीवरचं संगीत वाचणाऱ्या यंत्राच्या भागावर, टेकवून धरतो. फेल्ट चिकटवलेला गोंद वर्षांनी सुकतो आणि तुकडा गळून पडतो. खोकं हलवलं की आत खुळखुळणारा लहान मऊ तुकडा बहुधा हाच. फेल्ट परत चिकटवत बसण्यापेक्षा एखाद्या निकामी कॅसेटमधली पट्टी पॅडसकट काढून इथे बसवा. गोंद फितीला लागण्याची भीतीच राहत नाही.

बऱ्याच कॅसेटना पाच बारीक स्क्रू असतात. अ बाजू वर ठेवून टेबलावरच उघडा, हातात नाही. वरचं झाकण सरळ उचला आणि काहीही हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. आत दोन चक्र्या, वर-खाली दोन पातळ घसरपट्ट्या, कोपऱ्यांत दोन लहान रोलर, पोलादी पिना, पॅडची पट्टी आणि तिच्यामागे धातूचा तुकडा असतो. फीत डाव्या चक्रीवरून डाव्या रोलरला वळसा घालून पॅडच्या पुढून उजव्या रोलरकडे जाते. बंद करताना ती पिनांच्या चुकीच्या बाजूला राहिली की कॅसेट वाजते पण खरखरते. फोटो इथेच कामाला येतो. स्क्रू सारखे आवळा, फार घट्ट नको. कवच दाबलं गेलं की चक्री घासते आणि परत खाण्याचा धोका येतो.

स्क्रू नसलेलं कवच कडेने जोडलेलं असतं. सांध्यात कटरचं पातं घालून थोडं थोडं उघडा आणि फीत स्क्रूवाल्या रिकाम्या कवचात हलवा. त्यासाठी घरात दोन-तीन निकामी कॅसेट राखून ठेवाव्यात. मूळ कवचावरचं लेबल शक्य असेल तर वाफ न देता, कोरडंच सोडवा.

तुटलेली फीत

फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने धावते. म्हणजे चुरगळलेला ५ सेंटिमीटरचा तुकडा कापून टाकला तर गाण्यातला सेकंदभर गेला. आणि एवढ्यावर भागत नाही. एवढ्याशा रुंदीत दोन्ही बाजूंची गाणी शेजारी शेजारी असतात, त्यामुळे अ बाजूचं गाणं वाचवताना ब बाजूच्याही कुठल्यातरी गाण्यातला तेवढाच तुकडा जातो. म्हणून कापायचं ते मोजून. नुसती चुरगळलेली फीत कापूच नका. गुळगुळीत पेन्सिलीवरून हळू ओढून सरळ करा. आवाज तिथे क्षणभर बसेल, पण गाणं राहील.

तुटलेली टोकं एकावर एक ठेवून ब्लेडने ४५ अंशांत एकदम कापा, म्हणजे सांधा तंतोतंत जुळतो आणि हेडवरून जाताना टक् असा आवाज येत नाही. जोडपट्टी कॅसेटसाठीचीच हवी. साध्या सेलोटेपचा डिंक उन्हाळ्यात कडेने बाहेर येतो आणि गुंडाळीतले वरचे-खालचे वेढे एकमेकांना चिकटवतो. वर्षभराने तीच जागा पुन्हा फाटते. पट्टी दीड ते दोन सेंटिमीटर लांब घ्या आणि गुंडाळीच्या आतल्या अंगाला लावा. कॅसेटमध्ये चुंबकी थर बाहेरच्या अंगाला असतो, तोच हेडला लागतो. त्यावर पट्टी किंवा बोट लागू देऊ नका. शेवटी कडेने बाहेर आलेला पट्टीचा भाग फितीच्या आत किंचित घेऊन कापा.

फीत तुटायची जागा बहुतेक वेळा टोकाशी असते, जिथे पारदर्शक पट्टी चक्रीला अडकवलेली असते. तिथे गाणंच नसतं, त्यामुळे हात बसवायला ही जागा उत्तम.

यंत्र

बाजारातल्या नव्या स्वस्त प्लेअरपेक्षा दुरुस्त केलेला जुना डेक घ्या. नव्यात बहुधा डॉल्बी, म्हणजे फितीची सळसळ कमी करणारी सोय, नसतं. कॅसेटवर दुहेरी डी ची खूण असेल तर ती डॉल्बी लावूनच ऐकायची. नाहीतर आवाज तीक्ष्ण आणि सळसळता लागतो.

हेड, कॅपस्टन आणि रोलर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबडने पुसा. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट नको, त्यात पाणी किंवा तेलकट अंश असतो. रबरी रोलरला अगदी थोडं लावा आणि लगेच कोरडा करा. दर ८-१० तासांनी पुरे. जुन्या, अनोळखी कॅसेटनंतर मात्र प्रत्येक वेळी. बेल्ट, अल्कोहोल, जोडपट्टी यांसाठी ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडची एक फेरी करावी. बेल्ट विरघळून डांबरासारखा झाला असेल तर पुलीवरचा प्रत्येक डाग पुसल्याशिवाय नवा घालू नका.

वेग तपासायला स्टॉपवॉच पुरतं. ५ मिनिटांचं ओळखीचं गाणं लावा आणि त्याची मूळ लांबी ताडून पाहा. ३ सेकंदांचा फरक म्हणजे १ टक्का, कान तो सोडून देतो. १८ सेकंद कमी लागले तर पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये गेलं. मोटरच्या मागच्या भोकात बारीक स्क्रू असतो, त्याने वेग लागतो. सगळ्या कॅसेट दबलेल्या आवाजात वाजत असतील तर हेडचा कोन बिघडला आहे. हेडशेजारच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूला हात लावण्याआधी त्याची जागा मार्करने खुणावून ठेवा. असे बदल नेहमी आधी बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर करून पाहा.

लॅपटॉपवर उतरवणं

डेकच्या लाइन आउटमधून यूएसबी साउंड इंटरफेसमध्ये वायर द्या. लॅपटॉपचा माइकचा सॉकेट बहुधा एकाच चॅनेलचा असतो, तो टाळा. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलपुढे जाऊ देऊ नका. एक अख्खी बाजू एकच फाइल. २२ मिनिटांची बाजू सुमारे ३५० एमबी होते, म्हणून नंतर फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात, दाबून ठेवा. सळसळ काढायच्या नादात झांजांचा आवाज जातो; तिला राहू द्या.

वही

बाजू तोडून गाणी वेगळी केली की अल्बमची ठेवण हरवते. ‘डार्क साइड’मध्ये ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ने अ बाजू संपते, आपण कॅसेट उलटतो आणि ‘मनी’तला नाण्यांचा खणखणाट सुरू होतो. ‘विश यू वेअर हिअर’मध्ये ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ दोन तुकड्यांत आहे: एक अ च्या सुरुवातीला, दुसरा ब च्या शेवटी. काही कॅसेटवर तर क्रमच वेगळा असतो. ‘अॅबी रोड’च्या काही ब्रिटिश आणि अमेरिकी कॅसेटमध्ये दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या करण्यासाठी ‘कम टुगेदर’ आणि ‘हिअर कम्स द सन’ची अदलाबदल केली होती.

म्हणून एक साधी शंभर पानी वही ठेवा. प्रत्येक कॅसेटला एक पान: छाप, क्रमांक, कुठे सापडली, दोन्ही बाजूंचा क्रम, डॉल्बी आहे की नाही, काय दुरुस्त केलं, कुठे किती सेकंद गेले. कव्हरवर जुन्या मालकाने लिहिलेली तारीख, किंमत, गाण्यापुढची खूण, सगळं उतरवून घ्या. ती शाई वर्षांनी पुसट होते. आणि एक बाजू न थांबवता ऐकून झाली की वही बंद करून क्रम दुसऱ्या कागदावर लिहून पाहा. चार-पाच वेळा केलं की एक गाणं संपताना पुढच्याची पहिली ओळ मनात आधीच सुरू होते.

ठेवणं

कॅसेट पुस्तकासारख्या उभ्या ठेवा आणि फीत एका टोकाला, वाजवण्याच्या वेगानेच पोहोचवलेली असू द्या. फास्ट फॉरवर्डने गुंडाळी वेडीवाकडी बसते. स्पीकर, मिक्सरची मोटर, खिडकीची भिंत यांपासून लांब. डांबराच्या गोळ्या मुळीच नकोत, त्यांच्या वाफेने कॅसेटची प्लॅस्टिकची डबी मऊ पडते. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक असं ठेवा. आकडा ५० च्या आसपास राहिला तर खाडीकाठच्या घरातही बुरशी येत नाही. ओल शोषली की नारिंगीची हिरवी होणारी जेल घ्या आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी रंग पाहा. पावसाळा सरला की ऑक्टोबरमध्ये प्रत्येक कॅसेट एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून परत डब्यात ठेवा आणि वहीत तारीख टाका.