पाऊस लागायच्या आधी नाल्या मोकळ्या करा आणि सातबाराही पाहून घ्या

राजेहो, जूनच्या मध्याला मान्सून आपल्या नागपूरकडे पोचतो, बियाणं-खताची धावपळ सगळेच करतात पण अतिवृष्टी झाली तर काय, याची तयारी फार कमी लोक करतात. आणि सरकारी मदत कागदावर दिसणाऱ्या नुकसानाचीच मिळते, म्हणून सुरुवात कागदापासून करा.

सातबारा काढून पहा. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडे कितीतरी ठिकाणी शेतात संत्र्याचा बगीचा उभा असतो आणि सातबाऱ्यावर त्याची नोंदच नसते. 2025-26 पर्यंतच्या केंद्राच्या निकषात 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं तर कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक फळबागेला 22,500 रुपये धरले होते, तेही 2 हेक्टरच्या मर्यादेत. म्हणजे नोंद नसली तर संत्र्याचं नुकसान होऊनही मदत कोरडवाहूच्या दराने येऊ शकते, हे मला फार लागतं कारण चूक एका ओळीची असते. पेरणी झाल्यावर ई-पीक पाहणी, म्हणजे वावरात काय पेरलं याची सरकारी ॲपवरची नोंद, मोबाईलवरून स्वतः करा, शेजाऱ्याच्या भरवशावर राहू नका. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना तेही आताच बघून घ्या.

आता शेत. सोयाबीन पेरताना तीन-चार ओळींनंतर एक सरी सोडा, जास्तीचं पाणी तिथून निघतं आणि पावसाने दडी मारली तर ओल पण टिकते. धुऱ्याच्या नाल्या गाळ काढून मोकळ्या करा, पण पाणी शेजाऱ्याच्या वावरात सोडू नका, दोघं मिळून नाल्यापर्यंत वाट काढा.

पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वेगळं आहे. बरेच दिवस पाऊस नाही आणि मग एकदम धो धो आला की हिरवीगार झाडं एकाएकी माना टाकतात, याला आकस्मिक मर म्हणतात. आधी साचलेलं पाणी काढा, मग 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश आणि 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड टाकून झाडाला 100 मिलीच्या आसपास बुडाशी द्या आणि बूड पायाने दाबून घ्या. हे माना टाकलेल्या दिवशीच करा, उशीर झाला तर झाड हातचं जातं. संत्र्याला मात्र पावसाआधीच बोर्डो मलम लावा (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी), खोडाला जमिनीपासून मीटरभर, आणि दोन ओळींमध्ये चर काढा, कारण बुडाशी पाणी साचलं की डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) आलाच समजा.

विजेबद्दल कळकळीने सांगतो. निंदणाच्या बाया आणि बैल चारणारी पोरं पाऊस आला की मोहाच्या नाहीतर आंब्याच्या झाडाखाली पळतात, तेच करू नका. गडगडाट ऐकू आला की काम थांबवून पक्क्या घरात जा, वावरातच अडकलात तर झाडापासून आणि तारेच्या कुंपणापासून दूर, दोन्ही पाय जवळ घेऊन उकिडवे बसा, जमिनीवर आडवे होऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाईलमध्ये घ्या, आणि मजुरी बुडेल म्हणून बायांना थांबवून ठेवू नका.

कन्हान, पेंच नदीच्या काठावर वावर असेल तर मोटार वर काढून ठेवा आणि पुराचा इशारा आला की जनावरांची दावी सोडा. जनावर दगावलं तर पुरायची घाई करू नका, आधी फोटो, कानातला बिल्ला दिसेल असा, मग पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून शवविच्छेदन आणि तलाठ्याकडून पंचनामा.

पिकाचा पंचनामा व्हायच्या आधी वावर मोडू नका. मोडावंच लागलं तर आधी लोकेशनसकट फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर 1077 आहे, घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या, आईबाबांच्या साध्या फोनमध्ये सुद्धा.