ऑपरेशनच्या आधी सराफ्याला निरोप द्यायचा का?
वजनाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की पहिल्या रात्री झोप नाही लागत, मला तरी नाही लागली, आणि भुलीची भीती कमी, सराफ्याची, आमच्या रात्रीच्या खाऊबाजाराची, जास्त, म्हणजे इंदूरात राहून भुट्ट्याचा कीस नाही खायचा तर मग करायचं काय! असो. आधी एक वही घ्या, मनात येईल तो प्रश्न लिहा आणि डॉक्टरांना विचारा, लाजायचं नाही. स्लीव्ह नावाच्या वजनाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, तो परत बसवता येत नाही, हे घरच्यांनाही नीट सांगा.

डॉक्टर आधीचं जे डाएट देतील, साधारण दोन आठवड्यांचं असतं, ते मनापासून पाळा, त्याने लिव्हर आकसतं आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनला जागा मिळते. सिगारेट, तंबाखू बंद. घोट घोट पाणी प्यायची, घास बारीक चावायची सवय आत्ताच लावा, जेवताना पाणी नाही. नंतर काही महिने केस गळू शकतात, बहुतेकांचे परत येतात, पण व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर. आणि हो, लग्नात "अगं, एवढंसंच वाढून घेतलंस?" म्हणणाऱ्या मावशीला काय सांगायचं तेही ठरवून ठेवा. मला तर फक्त रालामंडलची टेकडी न धापा टाकता चढायचीये, साडीबिडीचं नंतर बघू.