गवती चहाचं, निलगिरीचं तेल फवारताय? या चुका टाळा

गेल्या काही हंगामांपासून आपल्या खान्देशात गवती चहा, सिट्रोनेला, निलगिरी, लवंग यांच्या तेलाची फवारणी विचारणारे वाढलेत. मला याचा आनंद आहे. मिरची, वांगी, भेंडी ही दोन-तीन दिवसांआड तोडायची पिकं. आज जहाल औषध मारायचं आणि उद्या तोच माल बाजारात न्यायचा, हे करणाऱ्यालाही आतून पटत नसतं. पण ही तेलं आता बदनाम व्हायला लागलीत, आणि दोष तेलाचा नाही, वापरणाऱ्याच्या घाईचा आहे. शिरपूरला जी चूक दिसते तीच चोपड्याला, तीच रावेरला. म्हणून एकदा बसून लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट पक्की करा. ही उडून जाणारी तेलं आहेत. पाला वाफेवर चढवून, ती वाफ थंड करून काढलेली. गवती चहात सिट्राल, निलगिरीत सिनिओल, लवंगेत युजेनॉल, ओव्यात थायमॉल हे त्यातले मुख्य घटक. थेंब अंगावर पडला तर मऊ अंगाची कीड मरते, नाहीतर वासाने झाड सोडते. यातले काही घटक किडीच्या ऑक्टोपामिन नावाच्या मज्जासंदेशकात बिघाड करतात. माणसाच्या शरीराचा कारभार त्याच्यावर फारसा चालत नाही, म्हणून आपल्याला धोका त्यामानाने कमी. पण उडून जातं म्हणजे पानावर टिकत नाही. खालच्या बहुतेक चुका हे विसरल्यानेच होतात.

तेल थेट पंपात ओतणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती टाळायला फक्त दहा मिनिटं लागतात आणि तेवढी द्यायला कोणी तयार नसतं.

दोंडाईचा भागातल्या एका तरुण शेतकऱ्याचा फोन आला. "आबा, तेल बोगस निंघनं. किडा मरना नही नि मिरची जयी गई." मिरचीवर फुलकिडे होते, शेंडे आकसायला लागले होते, कोकडा (पानं आकसून गोळा होण्याचा रोग) पडेल या भीतीने त्याने गवती चहाचं तेल आणून मारलं होतं. एकाच फवारणीत कीडही जगली आणि झाडही भाजलं, हे ऐकूनच मला अंदाज आला. तरी बांधावर गेल्याशिवाय बोलायचं नाही, म्हणून गेलो.

पहिल्या सरीत एका झाडाचा शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला. फुलकिडे टपटप पडले आणि कागदावर पळायला लागले. जणू तिथे काही फवारलंच नव्हतं. पुढे चालत गेलो. बरीच झाडं हिरवी, कीड तशीच. मग अचानक एक पट्टा लागला जिथे पानांच्या कडा तपकिरी, कागदासारख्या कुरकुरीत झालेल्या. पानाच्या टोकाला थेंब साचतो तिथे तर भोकच. तो पट्टा संपला की पुन्हा हिरवी झाडं, पुन्हा कीड, आणि तेवढ्याच अंतरावर पुन्हा जळका पट्टा. किती पंप मारले ते शेतात उभं राहून मोजता येत होतं, कारण प्रत्येक पंप जिथे संपला तिथे मिरची जळाली होती.

कारण साधं आहे. त्याने १५ लिटरच्या बॅटरी पंपात तेल ओतलं, वरून पाणी भरलं, झाकण लावलं आणि पाठीवर घेतला. गवती चहाचं तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगत राहिलं. पंप ओढतो तळातून. म्हणजे आधी नुसतं पाणी गेलं आणि शेवटच्या लिटर-दोन लिटरला सगळं तेल एकवटून आलं. बॅटरी पंपात ढवळणारं काही नसतं. लवंगेचं तेल असतं तर उलटं झालं असतं, कारण ते पाण्यापेक्षा जड, तळाला बसतं. मग पंपाच्या सुरुवातीची झाडं जळली असती.

दुकानदाराने त्याला "थोडा निरमा टाक" एवढं सांगितलं होतं. ही दुसरी खोड. आपल्याकडच्या कितीतरी विहिरी-बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे. त्यात साबण फाटतो, पांढरा साका होतो, नोझल चोंदतं आणि तेल पुन्हा मोकळं होऊन वर येतं. कपड्यांच्या पावडरीतला खार कोवळ्या पानाला त्रास देतो तो वेगळाच.

माझी पद्धत सांगतो. पंपाला गवती चहाचं तेल ३० मिली, म्हणजे लिटरला २ मिली. कोरड्या भांड्यात तेल आणि तेवढंच इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी एकजीव करणारं द्रव्य (पॉलिसॉर्बेट ८०, बाजारात ट्वीन ८० म्हणून मिळतं) आधी एकत्र ढवळायचं. पाण्याचा थेंब नको. मग एकेक चमचा पाणी घालत ढवळत राहायचं, दुधासारखं होईपर्यंत. ते काचेच्या ग्लासात दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं आणि बाजूने बघायचं. वर तेलाचं कडं दिसलं तर ते पंपात जाणार नाही, पुन्हा ढवळायचं किंवा इमल्सिफायर थोडं वाढवायचं. पंप अर्धा पाण्याने भरल्यावर हे दूध ओतायचं, मग उरलेलं पाणी. चालताना दर दोन-तीन सऱ्यांनी पाठीवरचा पंप हलवायचा. पाणी जड आहे का हे बघायला बाटलीभर पाण्यात अंगाच्या साबणाचा तुकडा टाकून हलवा. फेस न येता साका आला की समजा. मी फवारणीसाठी पावसाचं साठवलेलं पाणी वेगळं ठेवतो.

त्या पोराला शेतातच ग्लासात करून दाखवलं. साध्या पाण्यात टाकलेलं तेल वर आलेलं त्याने स्वतः पाहिलं, मग तेलाला बोगस म्हणणं थांबलं.

आणि "जास्त टाकलं की जास्त मरेल" हे डोक्यातून काढा. लिटरला ५ मिलीच्या पुढे गेलात की कीड किती मेली यापेक्षा पान किती वाचलं हे बघत बसावं लागतं. काकडी, दोडकं, गिलकं असल्या वेलवर्गीय पिकांची पानं तर फारच नाजूक. कुठलंही नवं तेल, नवी बाटली, नवं पीक असलं की आधी चार-पाच झाडांवर मारायचं आणि दोन दिवस थांबायचं. हे थांबणं लोकांना जड जातं. एकराची मिरची गेली तर ते जास्त जड जाईल.

उन्हात फवारणी

भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो हे सांगायला नको. पण ऑक्टोबर हीटमध्येही दुपारी ११ ला पंप पाठीवर घेतलेली माणसं दिसतात. तेल पानावर पडायच्या आधी अर्धं हवेत गेलेलं असतं, उरलेलं तापलेल्या पानात शिरून पेशी भाजतं. तापमान ३२ च्या वर असेल तर तेलाचा पंप उचलूच नये. आपल्याकडे याचा अर्थ बहुतेक दिवस संध्याकाळच, ऊन उतरल्यावर.

संध्याकाळचा आणखी एक फायदा आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. तोवर मधमाश्या पोळ्यात परतलेल्या असतात. ओल्या तेलाचा थेंब अंगावर पडला तर मधमाशीही मरते, नैसर्गिक आहे म्हणून ती वाचत नाही. मात्र रात्रभरात त्याचा बराचसा जोर गेलेला असतो. कांद्याचं बी धरणाऱ्यांनी तर हे कोरून ठेवावं. गोंडे फुलले असताना भर सकाळी फवारलं तर बी भरायला माशी येणार कुठून?

एकदा मारलं, झालं

प्रोफेनोफॉससारख्या रासायनिक औषधाची सवय लागलेल्या माणसाला ही तेलं पटत नाहीत, कारण तिथे एकदा मारलं की आठ दिवस बघायचं नाही असा हिशेब असतो. इथे पानावरचा असर काही तासांचा, फार तर एक-दोन दिवसांचा. कोषात, मातीत किंवा पानाच्या पेशीत दडलेली पिढी वाचते आणि चार दिवसांनी पुन्हा शेंड्यावर दिसते. मी चार-पाच दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या धरूनच चालतो. प्रत्येक वेळी आधी कागदावर शेंडा झटकून बघायचं. कीड नाही तर फवारणी नाही. ज्याला एवढी चक्कर शेतात मारायची नाही, त्याने या वाटेला येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोझलचं तोंडही बघा. मावा, तुडतुडे, पांढरी माशी पानाच्या खाली बसतात. वरून पान चकाकलं म्हणून समाधान मानू नका. नोझल खालून वर धरा.

अळी आत गेल्यावर जाग येणं

कपाशीची गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाल्यावर लवकरच फुलात, बोंडात शिरते आणि मागचं भोक बुजतं. मग वरून तेल मारा नाहीतर अत्तर, तिला काही होत नाही. वांग्याच्या शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीचं तेच. कपाशीत कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा, हेक्टरी पाच. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले की हालचाल करायची वेळ झाली. डोमकळ्या (अळी आत असल्याने न उमलता मिटून राहिलेली फुलं) दिसल्या की तोडून नष्ट करा. वांग्यात सुकलेला शेंडा दिसला की अळीसकट खुडा आणि बांधावर टाकू नका, जाळा किंवा पुरा. जळगावची भरताची वांगी पिकवणाऱ्या ज्या बाया रोज टोपली घेऊन शेंडे खुडतात, त्यांचं काम कुठल्याही बाटलीपेक्षा मोठं आहे.

केळीच्या खोडातल्या सोंडकिड्यालाही तेलाची फवारणी लागू पडत नाही.

कडुनिंबाचं तेल म्हणजे हे तेल नव्हे

निंबोळीचं तेल घाण्यावर निघतं, ते घट्ट आहे, उडत नाही. त्यातलं अझाडिरॅक्टिन किडीचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतं, त्याला दिवस लागतात. १५०० पीपीएम (दहा लाख भागांत अझाडिरॅक्टिनचे १५०० भाग) आणि १०,००० पीपीएम अशा दोन बाटल्या दुकानात शेजारी असतात आणि दोन्हीचं फवारायचं प्रमाण वेगळं. अंदाजाने ओतू नका. ज्याला खर्च नको त्याने ५ टक्के निंबोळी अर्क करावा. ५ किलो निंबोळी पूड १० लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्याने गाळून १०० लिटर पाणी करायचं. माझ्या मते नवख्या माणसाने सुरुवात यानेच करावी, कारण यात पीक जळण्याची भीती कमी.

उघड्या पातेल्यात काढा

गवती चहा पातेल्यात तासभर उकळायचा आणि तो अर्क म्हणून फवारायचा, ही पद्धत गावोगाव पसरलीय. गल्लीभर वास सुटला म्हणजे तेल गल्लीत गेलं, पातेल्यात पिवळं पाणी उरलं. १०० किलो हिरव्या पाल्यातून वाफेवर जेमतेम अर्धा किलो तेल निघतं. तेव्हा मूठभर पाल्याच्या काढ्यात किती असेल याचा हिशेब घरीच करा.

बाकीच्या, पण दुर्लक्ष नको अशा

गंधक मारलेल्या पिकावर किमान दोन-तीन आठवडे तेल नको, पानं जळतात. बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याच्या) तेल मिसळू नका.

तेल घेताना कोऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि उन्हात ठेवा. चांगलं तेल उडून जातं, गोडेतेलाची भेसळ असेल तर चिकट पारदर्शक डाग राहतो. फरशी पुसायचं सिट्रोनेला पिकावर मारायचं नसतं.

कीटकनाशक म्हणून विकायचं तर १९६८ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. लेबलवर नोंदणी क्रमांक नाही, घटक नाही, टक्केवारी नाही, फक्त "१०० टक्के वनस्पतिजन्य" असं लिहिलंय आणि कीड मिनिटात पटापट गळतेय, तर खूश होऊ नका. वनस्पतीच्या नावाखाली रासायनिक औषध मिसळलेल्या बाटल्या सापडलेल्या आहेत.

हातमोजे, चष्मा, तोंडाला फडकं हे लागतंच. २०१७ साली यवतमाळला फवारणीच्या विषबाधेत माणसं गेली, ती रासायनिक औषधं होती हे खरं. पण लवंगेच्या निव्वळ तेलाने कातडी भाजते, डोळ्यात गेलं तर हाल होतात, आणि निलगिरीचं तेल लहान पोराच्या पोटात गेलं तर जिवावर बेततं. पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवू नका. गडद काचेची बाटली, घट्ट बूच, गार अंधारी जागा. पत्र्याच्या शेडमध्ये ते उन्हाळ्यात टिकत नाही. काम झालं की पंप धुवा, तेलाने रबरी वायसर फुगतात.

साठवणीत

उघड्या शेतात जे तेल उडून जातं, ते बंद कोठीत कोंडून राहतं, म्हणून तिथे त्याचा गुण जास्त दिसतो. मूग, उडीद, दादर ज्वारी भरताना धान्य आधी कडक वाळवा. मग निलगिरीच्या तेलात भिजवलेला कापसाचा बोळा छोट्या उघड्या डबीत ठेवून ती डबी धान्यावर ठेवा आणि झाकण हवाबंद करा. तेल दाण्यावर ओतू नका, खाताना वास येतो. आणि पुढच्या हंगामात पेरायचं बी असेल तर त्या डब्यात हे करूच नका. या वाफांनी उगवण मार खाते. बियाण्याचा डबा वेगळा, त्यावर चिठ्ठी लावलेला, आणि तेलाच्या कोठीपासून लांब.